घासलेला घुमट

घाण दिसली की आबा नलावड्यांचे हात शिवशिवायचे. साताऱ्याकडच्या किल्ल्यांवर तीस वर्षं दर रविवारी टाक्यांतला गाळ उपसलेला माणूस तो. निवृत्तीनंतर सात जणांना घेऊन थरच्या वाळवंटात पायी भटकायला आला, तेव्हाही पाठीवरच्या पिशवीत काथ्याचे ब्रश होतेच. तिथं काय वाळू झाडणार आहात का, असं सरोजिनीबाईंनी, म्हणजे त्या सात जणांतच असलेल्या त्यांच्या बायकोनं, निघताना विचारलं होतं. आबांनी ते हसण्यावारी नेलं.

चौथ्या दिवशी भर दुपारी वाळूचं टेकाड उतरल्यावर जुन्या सडकेकाठची पाणपोई दिसली. चार कमानी, वर चुन्याचा घुमट, खाली पाण्याचं टाकं. दोनशे वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसानं वाटसरूंसाठी बांधलेली. आणि त्या देखण्या घुमटाला आतून-बाहेरून हिरवंकाळं शेवाळ चिकटलेलं. आबांचा जीव कळवळला. दोन तासांचं तर काम, म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या. कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, सगळे त्यांच्याच तालमीतले. पाणपोईतलीच शिडी लावून घुमट खरवडला, लगदा गोणीत भरला आणि टाक्यातलंच पाणी बादल्यांनी उपसून घुमट धुतला. चार वाजता चुना पांढराशुभ्र झाला आणि सगळ्यांचे फोटो निघाले.

वाळवंटात शेवाळ आलं कुठून, हे आठ शिकल्यासवरल्या माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. आपल्याकडं दगड असला की शेवाळ असतंच, त्याला कारण लागत नाही.

मग धापूबाई आली. पाणपोई सांभाळणारी, साठीतली, काखेत रिकामी घागर. घुमट बघून ती होती तिथंच खाली बसली. सरोजिनीबाई तिच्याशेजारी बसल्या आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत विचारून विचारून त्यांनी सगळं काढून घेतलं.

ते शेवाळ नव्हतं, दवपापुद्रा होता. प्रयोगशाळेत घडवलेला जिवंत थर, रात्रभर हवेतला ओलावा टिपणारा आणि पहाटे थेंबाथेंबानं टाक्यात सोडणारा. सिमेंटवर तो मरतो, जुन्या चुन्यावरच जीव धरतो. म्हणून तर या विसरलेल्या पाणपोया पुन्हा कामाला लागल्या होत्या. या टाक्यावर बावीस घरांची वस्ती जगत होती. हात लावू नका अशी मोठी पाटीसुद्धा होती, पण सडकेच्या बाजूला. आणि ही मंडळी आली होती वाळूकडून.

आबांनी पाटीवरचा नंबर बघून प्रयोगशाळेला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं.

"नवं विरजण उद्याच पाठवते," ती म्हणाली, "पण पाणी द्यायला लागेपर्यंत तीन हिवाळे जातील, सर. त्याला घाई करता येत नाही."

टँकर येत नव्हते, सडक पुढं वाळूखाली गेली होती. आबांनी खरवडलेला लगदा गोणीतून काढला आणि शिडीवर चढून दोन्ही हातांनी घुमटाला थापायला लागले. उन्हानं त्याची पूड झाली होती. थापलं की गळून पडायचं. सरोजिनीबाईंनी दोनदा हाक मारली तरी ते उतरेनात. "अगं, मी चांगलंच करायला गेलो होतो," एवढंच ते म्हणत होते. त्यांच्या दाढीवर हिरवी भुकटी बसली होती.

पहाटे सगळे घुमटाखाली उभे राहिले. एरवी या वेळी टाक्यात टपटप चालू असते म्हणे. उजाडलं तरी एक थेंब पडला नाही. टाक्यात आता गुडघाभर पाणी होतं.

धापूबाईनं त्यातूनच झारी भरली. पाणपोईवर आलेला माणूस तहानलेला जाऊ द्यायचा नाही, ही तिच्या घराण्याची रीत. आबांनी आधी नको म्हणून मान हलवली, पण ती झारी धरून उभीच राहिली. शेवटी त्यांनी ओंजळ पुढं केली. बारीक धार पडली. पाणी गार होतं. आबांना ते पिताही येईना आणि टाकताही येईना.

"तुमच्या गावाला पाणी आहे?" धापूबाईनं विचारलं.

टोमणा नव्हता तो. वस्तीकडं एकदा बघून तिनं पुन्हा आबांकडं पाहिलं. "बावीस घरांना पुरेल एवढं?"