धाकूची रेघ

शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन मी दर शनिवारी गुरुदत्तकडे जायचो. डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर. गुरुदत्त चाळिशीचा, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कामाला, आणि घरी कादंबऱ्या लिहायचा. पाच पुस्तकांची मिळून एकच गोष्ट, आमच्या खाडीकाठच्या मिठागरांची. तीन छापून झालेली. मी जुनं सांगायचो, तो लिहून घ्यायचा.

शहाण्णव साली त्यानं कॉम्प्युटर आणला. त्यात एक प्रोग्राम होता. गोष्टीतल्या प्रत्येक माणसाची एक आडवी रेघ. माणूस जन्मला तिथं सुरू, मेला तिथं बंद. पुस्तकांचे उभे पट्टे, म्हणजे कोण कुठल्या भागात आहे ते एका नजरेत दिसावं. मला अक्षर येत नाही, पण रेघा येतात. बांधावर पाणी कुठवर चढून गेलं ते रेघांवरूनच बघत जन्म गेला.

त्यातली एक रेघ धाकूची होती. धाकू माझा खरा धाकटा भाऊ. सत्तर साली उधाणात बांध फुटला, तो बुजवायला गेला तो गेलाच. प्रेत मिळालं नाही. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या. मी नाही म्हटलं. त्याची बायको जनी तेव्हा एकोणीस वर्षांची. पुतळा जाळला की तिचं कुंकू पुसायचं, ते माझ्यानं होईना. सव्वीस वर्षं ती कुंकू लावून माझ्या घरात राहिली. भरतीला दार उघडं ठेवून बसायची.

"काका, तुमच्या भावाची रेघ थांबतच नाही," गुरुदत्त एकदा हसत म्हणाला. "मरणाची तारीख नाही ना, म्हणून रोज आपोआप आजपर्यंत वाढते. मारून टाकू का चौथ्या भागात?"

"नको रे बाबा. जनी हाय अजून."

"मग पाचव्यात परत आणतो. कधी येईल असा माणूस?"

"सर्वपित्री अमावस्येला. दुपारी दीडला भरती भरते, त्या पाण्यावर."

चूक तिथं झाली. गुरुदत्तची गोष्ट ऐंशी सालातच संपायची होती, आणि मी सांगितली येत्या अमावस्येची भरती. मिठागरावरचा माणूस पुढचीच भरती मोजतो, गेलेली कोण मोजतो? त्यानंही धाकूच्या परतण्याची तीच तारीख टाकली.

अमावस्या शनिवारीच आली. मी पोचलो तेव्हा साडेबारा वाजलेले. गुरुदत्त पडद्यासमोर बसला होता. खोलीत खाडीच्या चिखलाचा वास... ओहोटीनंतर सुटतो तसला.

"काका, तुमच्या चपलांना लागलंय का काही?"

चपला मी बाहेर काढल्या होत्या.

पडद्यावर धाकूची रेघ, तिच्याखाली जनीची. दोन्ही एकाच जागी थांबलेल्या.

"ही आजची तारीख," तो हळूच म्हणाला. "जनीचं मरण मी टाकलेलंच नाही. बघा..."

त्यानं तिची रेघ पुढं ओढली. ती वाढली, क्षणभर राहिली, आणि ओलं सूत आवळत जावं तशी मागं आली.

"पुसून टाक धाकूची तारीख!"

"सकाळपासून पुसतोय, काका..."

रिक्षानं खाडीवरच्या रेतीबंदरला उतरलो आणि घराकडं जाणारा बांध धरला. पळायचं वय नव्हतं. दोन्हीकडे पाणी काठोकाठ, पण भरतीची चुळचुळ नाही. कौलांवर पितरांचे घास तसेच पडलेले. कावळा एकही नाही.

घर सताड उघडं. जनी नव्हती. शेजारची दगडाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"अवं गोमाभाव, आता येताव? जनीला न्यायला आलता ना तो."

"कोण?"

"तुमचा भाव. मी बोलली पन त्याला, काय रं, बायको म्हातारी न् तू असा जवान कसा? तं हसला. बोलला, दादानं टायम सांगितला म्हनून आलो."

"आणि जनी?"

"ती काय, नव्या नवरीसारखी मागून गेली. खाडीकडं."

दगडाबाई लग्न होऊन गावात आली ती ब्याऐंशी साली. धाकूला तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. घरात त्याचा फोटोही नाही.

खाडीतून दिवा गावापर्यंत होड्या नेल्या. जनी मिळाली नाही. या वेळी मी दर्भाचे दोन पुतळे केले. सव्वीस वर्षांपूर्वी एक केला असता तर दुसरा लागला नसता, हे जाळताना कळलं. दोघांना अग्नी दिला.

नऊ महिने काही झालं नाही. मग परवा गुरुदत्तनं निरोप धाडून मला बोलावलं. दोन्ही रेघा थांबलेल्याच आहेत. पण त्यांच्याखाली एक तिसरी निघाली आहे, केसाएवढी बारीक.

"मी काढलेली नाही, काका. रोज वाढतेय."

"पुसत नाही?"

"नाही. नाव मागत होती."

"रिकामं ठेव," मी म्हटलं. "काही झालं तरी नाव देऊ नको."

"रिकामंच ठेवलं होतं..." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "आज सकाळी तिथं नाव होतं."

कुठलं, ते मी विचारलं नाही. लेकराचं नाव आईबापच ठेवतात.