भुजंगरावाने हरवलेला समुद्र

तुम्ही यावर विश्वास ठेवणार नाही, पण पेडगावच्या भुजंगरावाने एकदा अख्खा समुद्र हरवला होता. शेळी हरवावी तसा. सकाळी डोळ्यांसमोर होता, दुपारची डुलकी काढून उठला तर जागेवर नाही. मात्र समुद्राआधी एका पाठीची गोष्ट सांगितली पाहिजे.

कस्तुराबाई नांदायला आली तेव्हा पहिले काही दिवस तिने नवऱ्याला नुसती पाठ दाखवली. चुलीकडे तोंड, दाराकडे पाठ, डोक्यावर पदर. भुजंग तेव्हा माणिकराव जहागीरदारांच्या मोटारीवर नवा ड्रायव्हर होता. हॉर्न असा वाजवायचा की पोखर्णीच्या देवळातला पुजारी दचकून आरतीच सुरू करायचा. पण घरात आला की घशातून आवाज फुटत नसे. बायकोशी काय बोलायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

मग एकदा जहागीरदार मुंबईला निघाले. आठ दिवसांनी भुजंग घरी परतला, उंबऱ्यावर बसला आणि वहाणा काढता काढता सहज म्हणाला,

"मुंबईला जाऊन आलो. समुद्र पाह्यला."

भाकरी थापणारा हात थांबला. पदर थोडा सरकला... आणि ती वळली. तव्याच्या धगीने लाल झालेला चेहरा, कपाळावर पिठाचं बोट उमटलेलं, आणि ते दोन डोळे — भुजंगची वहाण हातातच राहिली.

"लय मोठा आसतंय म्हणं?" तिने विचारलं.

"आपल्या शिवारात मावायचा न्हाई."

"आन् पाणी?"

"पाणीच आसतंय त्यात," भुजंग म्हणाला. यापुढे त्याला काही ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर जहागीरदार मुंबईला आगगाडीने गेले होते. भुजंग परभणी स्टेशनाबाहेर लिंबाच्या झाडाखाली आठ दिवस मोटार राखत बसला होता. समुद्र त्याने एका हमालाच्या तोंडून ऐकला होता, आणि हमालाने आणखी कोणाच्या. पण तिने वळून बघितलं होतं ना... झालं तर मग. पुढची सव्वीस वर्षं जहागीरदार मुंबईला जात राहिले, भुजंग लिंबाखाली बसत राहिला, आणि घरी येऊन समुद्र सांगत राहिला. दर फेरीला समुद्र थोडा वाढायचा. एका फेरीत त्यातून हत्तीएवढा मासा निघाला. दुसऱ्या फेरीत भुजंगने अलिबागच्या किनाऱ्यावर आठ दिवस मुक्काम ठोकला. आणि एका फेरीत, भाकरीचा तुकडा मोडता मोडता, खाली बघून तो म्हणाला,

"लाख बाया पाह्यल्या आसतील मुंबईत. तुझ्यावाणी एक न्हाई."

त्या दिवशी त्याच्या भाकरीवर लोणी दोनदा पडलं.

लढाई संपली, पेट्रोल मिळू लागलं, त्या हिवाळ्यात भुजंगरावाची नोकरीही संपली. दोन्ही लेकी सासरी नांदत होत्या. जहागीरदारांनी निरोप देताना कापसाच्या गाठी वाहून थकलेली जुनी लॉरी त्यालाच देऊन टाकली. भुजंगरावाने तिच्यावर पत्र्याचं छप्पर घातलं, आत बाज ठोकली, उतरंड दोरीने बांधली, मागच्या फळीवर शेगडी ठेवली. चाकांवरचं बिऱ्हाड बघायला पार पालमहून माणसं आली. कस्तुराबाईने त्यात आपलं जातं चढवलं, डब्यात लावलेली तुळस चढवली, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"आता मला समुद्राला न्या."

भुजंगराव चाकातली हवा दाबून बघायला लागला.

"मुंबईत लय गर्दी आसती," तो म्हणाला.

"मग तुमी मुक्काम केलता तिकडं न्या. अलिबागच्या अंगाला."

आता नाही कसं म्हणणार? थाप पकडली गेली तर लोक हसतील, याची त्याला फिकीर नव्हती. हसू देत. भीती एकच होती. मुंबई खोटी ठरली की त्या लाख बायाही खोट्या ठरणार. आणि मग ती म्हणणार, 'तुझ्यावाणी एक न्हाई' हेही खोटंच. सव्वीस वर्षांच्या थापांत ते एवढंच खरं होतं, आणि तेच तिला खोटं वाटलं असतं.

निघाले. जिंतूरपर्यंत ती मागे बाजेवर बसली, त्याच्याकडे पाठ करून.

"आगं, म्होरं येऊन बस की."

"लोकं काय म्हणतील? नवऱ्याच्या बगलेला बसून कोण जातं?"

"जहागीरदारीणबाई बसायच्या."

"त्या तुमच्या बगलेला बसायच्या व्हय?"

भुजंगरावाने रिकाम्या रस्त्यावर हॉर्न वाजवला. जालन्याच्या पुढे रस्ता इतका खराब लागला की जातं घरंगळून तिच्या अंगावर यायला लागलं. तेव्हा ती पुढे येऊन बसली — दोघांच्या मध्ये पाण्याची घागर ठेवून. औरंगाबाद आलं तेव्हा घागर तिच्या पायाशी होती. कशी गेली, दोघांपैकी कोणीच विचारलं नाही.

निजामाची हद्द संपते तिथे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. नाकेदाराने आत डोकावून बघितलं. बाज, शेगडी, जातं, तुळस.

"ये क्या है?"

"घर हाय साब."

"घर? घर लेको किधर चले?"

"समुद्र बघाया. बायकोला दावायचाय."

नाकेदाराने डोकं खाजवलं. घर सरहद्दीपार नेलं तर जकात कोणती, हे त्याच्या पुस्तकात नव्हतं. शेवटी त्याने कागदावर लिहिलं — मकान एक, बीवी एक, दोन्ही जुने, वापरातले. कस्तुराबाईला भुजंगरावाने याचा अर्थ सांगितला तेव्हा ती दोन कोस त्याच्याशी बोलली नाही. पण हसू दाबताना तिचा खांदा हलत होता, आणि तो खांदा आता त्याच्या खांद्याला टेकला होता...

घाट उतरताना तिने डोळे मिटून त्याचा दंड धरला. खाली आल्यावरही सोडला नाही. "घाट सरला," भुजंगराव म्हणाला. "ठावं हाय मला," ती म्हणाली.

समुद्र सकाळच्या प्रहरी आला. नारळीच्या बागेतून लॉरी वळली आणि रस्ता संपला तिथून पाणीच पाणी. लाटा पार झाडांच्या मुळांशी आलेल्या. वाऱ्याने तिचा पदर उडाला; तिने तो सावरलाच नाही. बराच वेळ ती बघत राहिली. भुजंगरावही बघत राहिला. त्याच्या समुद्रात हत्तीएवढे मासे होते, पण हा आवाज नव्हता, हा खारा वास नव्हता. सव्वीस वर्षं त्याने किती कमी सांगितलं होतं.

"तुमी सांगितला तस्साच हाय," ती हळूच म्हणाली.

त्याला एकदम रडू येईल असं वाटलं. तो लॉरी पुसायला निघून गेला.

दुपारी पिठलं-भाकरी झाली. पाण्यापासून दहा पावलांवर लॉरी उभी होती. ती आत लवंडली, तो सावलीत आडवा झाला. चार वाजता डोळा उघडला तेव्हा समोर चिखल होता.

नुसता चिखल. होड्या कुशीवर लवंडलेल्या. खेकडे धावत सुटलेले. समुद्र पार तिकडे, क्षितिजापाशी, एक पांढरी रेघ होऊन राहिलेला.

भुजंगराव उठून बसला. त्याने डोळे चोळले. काळ्या मातीतला माणूस. तळ्याचं पाणी आटतं ते उन्हाळ्यात, आणि आटायला महिने लागतात. एका दुपारात एवढं पाणी गेलं कुठं? कोणी मोरी फोडली? तो धावत चिखलात पन्नास पावलं गेला, गुडघाभर रुतला, परत आला. बायकोला एकदाच समुद्र दाखवायला आणलं आणि तोही राखता आला नाही. लिंबाखाली मोटार तरी राखली होती.

मागे बांगड्या वाजल्या.

कस्तुराबाई लॉरीच्या फळीवर उभी होती. तिने चिखल बघितला. त्याचे गुडघे बघितले.

"समुद्र कुठाय वो?"

"त्याला... दुपारचा मागं घेत्यात," भुजंगराव म्हणाला. "राखणदार आसतोय. येळ झाली की घेतोय मागं. धुवाया."

"धुवाया."

"व्हय. मी मुक्कामाला व्हतो तवा रोज बघायचो."

ती खाली उतरली, त्याच्याजवळ वाळूत बसली आणि पदराने त्याच्या हातावरचा चिखल पुसायला लागली.

"तुमी ह्याच्या आधी समुद्र कवाच पाह्यला न्हाई," ती म्हणाली.

भुजंगराव दुसऱ्या हाताने गुडघ्यावरचा चिखल खरवडायला लागला.

"जहागीरदार आगगाडीनं जायचे. वाड्यावरच्या धुरपताबाईनं मला हळदीकुंकवाला सांगितलं. मोठ्या लेकीच्या येळंला दिवस गेलते तवा."

"तवाच? मग बोलली कामून न्हाई?"

"बोलले आसते तर तुमी सांगायचं बंद केलं आसतं." ती अजून त्याचं बोट पुसत होती, ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. "पेडगावात कोणाचा नवरा उंबऱ्यावर बसून बायकोसंगं घटकाभर बोलतोय?"

वारा पडला होता. भुजंगरावाने वाळूत बोटाने रेघ ओढली.

"एक सांगू? ते बायांचं... ते खोटं नव्हतं."

"मुंबईला न जाताच लाख बाया पाह्यल्या?"

"स्टेशनात पाह्यल्या की. रोज गाडी यायची. खिडकीखिडकीत बाया, येक येक बघायचो." तो थांबला. "आठ दिस बसून तुझ्यावाणी येक बी दिसली न्हाई. म्हणून तर घरी जायची लय घाई व्हायची."

कस्तुराबाईने मान वळवली. पंचविशी उलटलेल्या संसारात ती नवऱ्याकडे अशी कितीदा वळली असेल, पण यावेळी समुद्राच्या गोष्टीसाठी वळली नव्हती. तिने त्याचा हात पुसायचा थांबवला, आणि नुसता धरून ठेवला.

ऊन उतरलं. ती लांबची पांढरी रेघ जाड झाली, मग सळसळायला लागली. चिखलातल्या खळग्यांत पाणी भरू लागलं. एक होडी हलली. भुजंगराव बघतच राहिला. मग हळूहळू त्याची छाती पुढे आली, मिशीवर हात गेला.

"बघ आला का न्हाई," तो म्हणाला. "तू झोपलीस तवा मी राखणदाराला सांगून ठिवलं व्हतं — आमची मालकीण उठली की सोड म्हणून."

"खोटं," ती म्हणाली, आणि त्याच्या अंगाला टेकली.