डावा पीळ

पाण्याखालच्या वायरीला जोड द्यायचा नाही, हा आमच्या बाबांचा नियम. वायर अखंड हवी. जोड आला की आज ना उद्या पाणी आत शिरणारच. बाबा गेले, त्यांचं मोटार दुरुस्तीचं दुकान मी चालवते आणि नियमही पाळते.

मासेमारीचे दिवे हा माझा जोडधंदा. पारदर्शक नळीत हिरव्या एलईडीची पट्टी सरकवायची, वायर सोल्डर करायची, नळीत रेझिन ओतून दोन्ही टोकं बंद करायची आणि खाली शिशाचं वजन बांधायचं. वरचं टोक होडीतल्या बॅटरीला. अंधारात तो हिरवा उजेड पाण्यात सोडला की आधी किडे येतात, मग बारीक मासे, आणि त्यांच्या मागे मोठे. आमच्या ह्यांना या रात्रीच्या मासेमारीचा भारी नाद. आठवड्यातून दोनदा तरी स्वारी तळ्यावर.

एकदा त्यांचा दिवा धुवायला घेतला, तर वायरीला मधेच जोड. त्यावर काळी प्लास्टिकची स्लीव्ह, नीट गरम करून आकसवलेली. मी ब्लेडने ती कापली आणि बघतच राहिले. आतल्या तारांना डावा पीळ होता.

सगळं जग तार उजवीकडे पिळतं. बाबा डावखुरे, म्हणून ते डावीकडे पिळायचे. आम्ही दोघी बहिणी त्यांच्याकडे बघून शिकलो, म्हणून आमचाही पीळ डावा. जोड झाला की बाबा वायर दोनदा हलकेच ओढून बघायचे, पक्का झाला का म्हणून. तीही सवय आम्हाला लागली. आता जगात असा जोड देणाऱ्या दोनच बायका. एक मी. दुसरी माझी धाकटी बहीण. नवऱ्याशी पटेना म्हणून ती वर्षभरापूर्वी निघून आली आणि दुकानाच्या वरच्या खोलीत राहते. दुकानाची दुसरी किल्ली तिच्याकडेच असते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हे तळ्यावर एकटे जात नाहीत तर!

ह्यांना काही विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो. नवा दिवा करून दिला, मुकाट्याने. तोही जोड घेऊन परत आला, आणि वायर आधीपेक्षा लांब झालेली. तिसऱ्या खेपेला आणखी लांब. वायर माझ्याच दुकानातली वाटत होती. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि मला वाटलं, कुठे ते मला पक्कं ठाऊक आहे.

"ताई, चहा घेतेस?" धाकटीने विचारलं.

"चहा राहू दे. महिनाअखेर खोली रिकामी कर."

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मग मी सगळं बोलले. जिभेला हाड नव्हतं माझ्या त्या दिवशी. ती आधी हसली, मग रडली, मग पदर खोचून उभी राहिली.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? भावोजींबरोबर मी? लग्नानंतर सोल्डरला हातसुद्धा लावला नाही मी. आज मीही येते होडीत. होऊन जाऊ दे समोरासमोर!"

दुपारी तिच्या डोळ्यांदेखत मी नवा दिवा केला. वायर आम्ही दोघींनी बोटांतून सरकवून तपासली. अखंड होती. संध्याकाळपर्यंत दिवा मी मांडीवरून हलवला नाही.

होडीत हे वल्ह्याशी, धाकटी समोर, मी मधे. धाकटी माझ्याकडे बघायचंही टाळत होती. ह्यांना वाटलं असेल, बहिणी-बहिणींचं भांडण झालंय. तसं ते झालंच होतं. अंधार पडल्यावर ह्यांनी दिवा पाण्यात सोडला आणि वायर माझ्या हातात दिली.

हिरवा उजेड पसरला. किडे आले. बारीक मासे गोल फिरू लागले. धाकटीचे दोन्ही हात तिच्या गुडघ्यांवर होते. मी उजेडाकडे कमी आणि तिच्या हातांकडेच जास्त बघत होते.

मग मासे गेले. सगळे, एकदम.

दिवा विझला.

"बॅटरी?" मी विचारलं.

"बॅटरी ठीक आहे. असं होतं कधी कधी," हे म्हणाले. "थोडं थांब. लागतो परत."

माझ्या हातातली वायर सैल पडली होती. खाली काही नसल्यासारखी. पाण्याला गाळाचा वास येत होता, आणि त्यात आणखी एक वास. दुकानातला. तापलेल्या सोल्डरचा. धाकटीलाही तो आला असावा, कारण तिने माझ्याकडे पाहिलं.

दिवा लागला. पण आता तो खूप खोल होता. नखाएवढा हिरवा ठिपका.

"ओढ वर," मी धाकटीला म्हणाले.

मी आणि धाकटी मिळून ओढू लागलो. पायाशी वायरीचा ढीग झाला. सोडली होती त्याहून जास्त. तरी ठिपका खालीच.

आणि माझ्या बोटांना जोड लागला. घट्ट स्लीव्ह, आणि तिच्याखाली पिळाचे उंचवटे. डावीकडे जाणारे.

"हा बघ, आला," हे शांतपणे म्हणाले. "दर वेळी असाच येतो. मला वाटलं, दिवा मी आणखी खोल सोडावा म्हणून तूच वायर वाढवून देतेस."

मी धाकटीकडे पाहिलं. तिची माफी मागायची होती, आत्ताच्या आत्ता. तिने तो जोड माझ्या हातून घेतला आणि चटका बसल्यासारखा सोडला.

"ताई," ती म्हणाली, "गरम आहे गं."

वायर अजून माझ्या मुठीत होती. खालून कोणीतरी ती हलकेच ओढून बघितली. दोनदा.