पानाचं मस्तक

चांद्रतळावरच्या रुग्णकक्षात धनाजी भोईटे बेशुद्ध पडला होता. सकाळी बोगद्यातली वायुटाकी फुटली आणि तळावरचे तिघंही भिंतीवर आदळले. दोघं उठले, धनाजी उठला नाही. संपर्काचा मनोराही कोसळल्यामुळे पृथ्वीला विचारायची सोय नव्हती.

धनाजीच्या एका डोळ्याची बाहुली विस्फारली होती. मेंदूवर दाब वाढत असेल तर कवटीला भोक पाडायलाच हवं; नसेल तर तेच भोक त्याचा जीव घेईल, हे डॉक्टर वैदेही गवाणकर जाणून होती. तिघांच्याही कपाळावर दाब मोजणाऱ्या पट्ट्या होत्या. पडद्यावर नाडी, छाती, पोट सगळं दिसत होतं. मस्तकाचा आकडा मात्र कुठेच नव्हता.

तंत्रज्ञ इक्बाल मुजावर तासभर झगडत होता. आकडा संगणकापर्यंत येत होता. पडद्यावरच्या पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या शैलीपत्रकात त्याने मस्तकाला लाल रंग दिला, अक्षरं मोठी केली. काहीच उमटेना. वैदेहीने चौथ्यांदा विचारलं तेव्हा तो वळला.

"डॉक्टर, नावाचा घोळ आहे. शैलीपत्रक फक्त कसं दाखवायचं ते सांगतं. पानात काय आहे, ते रचनाभाषा ठरवते, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात ती. तिच्यात 'मस्तक' म्हणजे पानाची स्वतःची माहिती ठेवायची जागा. ती वाचणाऱ्याला दाखवायचीच नसते. पट्टीही आकड्याला 'मस्तक'च म्हणते, म्हणून तो झाकला जातोय."

"मग नाव बदला, इक्बालभाई."

नाव पट्ट्यांच्या प्रणालीतच बदलावं लागणार होतं, म्हणजे सगळ्यांचं एकदम. गावात एकाच नावाचे दोघं असले की आडनाव लावतात, तसं त्याने मस्तकाआधी 'देह' जोडलं.

पडदा क्षणभर कोरा झाला, मग आकडे आले. पंधराच्या आत हवा तो धनाजीचा दाब चौतीस होता. इक्बालचा अकरा. गवाणकर, वैदेही: सव्वीस. ती पाहत असतानाच सत्तावीस झाले.

इक्बाल काही बोलणार, तोवर ती हात धुवायला गेली होती. परतली ती डोक्याला टोपी बांधून.

"आधी धनाजी," ती म्हणाली. "माझे हात चालतायत तोवर."

साकळलेलं रक्त निघालं. धनाजीचा आकडा तेरावर आला. शेवटच्या टाक्याला तिच्या हातून चिमटा गळला आणि ती खुर्चीत कलंडली.

इक्बालने तिची टोपी सोडली. उजव्या कानशिलावरचे केस कापलेले होते आणि तिथे शाईची ठळक फुली होती. ड्रिलच्या टोकावरही तिने किती खोल जायचं त्याची रेघ ओढून ठेवली होती.

आजवर त्याने फक्त पत्र्याला भोकं पाडली होती. त्याने ड्रिल फुलीवर टेकवलं.

दोन तासांनी तिचा दाब सोळा झाला. डोळे तिने अजून उघडले नव्हते.