अठ्ठ्याण्णव गुणांचा वास

"ही सगळी पुस्तकं आजच रद्दीत द्या," असं म्हणत ताईनं टक्केवारीची तीन आणि संख्याज्ञानाची दोन जाडजूड पुस्तकं दाराशी आपटली. सुट्टीतला तंबू गच्चीत ठोकायचा की अंगणात, यावरून टिपरी आणि भोपळा तावातावानं भांडत होते. भांडण सोडून दोघंही दाराशी आले.

टिपरी ही ताईची धाकटी बहीण. अंगानं काटकुळी, जिभेनं तिखट. भोपळा शेजारचा. त्याला एकदा गणितात शून्य मिळालं होतं आणि तेव्हापासून त्याचं खरं नाव त्याची आईसुद्धा विसरत चालली होती.

"क्लासच्या सराव परीक्षेची यादी लागली," ताई म्हणाली. "पहिल्या दहा जणांनाच शेवटचा महिना शिकवणार आहेत. मला एकोणऐंशी. मी अकरावी. आणि स्पर्धा परीक्षेच्या वयाच्या अटीत माझं हे शेवटचं वर्ष. संपलं सगळं."

"किती प्रश्न कोरे सोडलेस?" भोपळ्यानं विचारलं.

"एकही नाही. पंचवीसच्या पंचवीस लिहिले. बरोबर आला की चार गुण, चुकला की एक वजा."

भोपळा बोटं मोजायला लागला. मोजून झाल्यावर परत एकदा मोजली. "मग एकोणऐंशी होतच नाहीत, ताई."

"आता तू मला गणित शिकवणार?"

"छे! पण गुण जातात कसे, ते माझ्याइतकं या गल्लीत कुणाला ठाऊक आहे? सगळे बरोबर आले तर शंभर. एक चुकला की त्याचे चार गेले, वर एक दंड. म्हणजे पाच गेले. राहिले पंच्याण्णव. आणखी एक चुकला, नव्वद. मग पंच्याऐंशी, ऐंशी, पंचाहत्तर. एकही कोरा सोडला नाहीस तर तुझे गुण पाचाच्या पाढ्यातच येणार. मग हे एकोणऐंशी आले कुठून?"

ताईनं मोबाइलमधला यादीचा फोटो उघडला. तिघांची डोकी त्यावर वाकली. पहिल्या नंबरासमोर अठ्ठ्याण्णव होते.

"हे तर कुणालाच मिळणार नाहीत," टिपरी म्हणाली. "शंभरच्या खाली उतरायचं तर एक प्रश्न कोरा ठेवून शहाण्णव किंवा चुकवून पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव कसे होतील?"

त्यांनी पूर्ण यादी तपासली. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, एकोणनव्वद. पहिल्या दहांपैकी पाच आकडे असे होते, की त्या परीक्षेत ते कुणाला मिळणंच शक्य नव्हतं.

"पन्नास टक्के थाप," भोपळा म्हणाला.

"आणि हाच माणूस आम्हाला टक्केवारी शिकवतो," ताई म्हणाली. तिला राग नाही, चक्क शिसारी आली होती.

क्लासमध्ये सर टेबलावर पाय पसरून बसले होते. मोज्यांचा वास दारापर्यंत येत होता. "उत्तरपत्रिका? तपासल्या आणि दिल्या रद्दीत," ते जांभई देत म्हणाले. "चारला मोठ्या बाई येणार आहेत नव्या मुलांशी बोलायला. तोवर चालते व्हा."

मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. क्लास त्यांचा, शिकवणं सरांचं.

"पाणी पिऊन जातो हं, सर," टिपरी गोड आवाजात म्हणाली आणि चहाच्या खोलीत शिरली.

शी! त्या खोलीला खोली म्हणवत नव्हतं. बेसिनमध्ये चहाचा चोथा साचून त्यावर हिरवट बुरशी आली होती. केळ्याच्या सालींवर चिलटं घोंघावत होती. खालचा पाइप गळत होता आणि गळकं पाणी धरायला एक बादली ठेवलेली होती. ती बादली कलंडू नये म्हणून तिच्याखाली कागदांचा जाड गठ्ठा सारला होता. टिपरीनं नाक दाबून बादली हलवली. दोन झुरळं तिच्या चपलेवरून पळाली. वरच्या कागदावर 'उत्तरपत्रिका' असं छापलं होतं. गठ्ठ्याला दोरी होती, दोरीला गाठ होती आणि गाठीवर लाल लाख जशीच्या तशी होती.

चार वाजता मोठ्या बाईंनी विचारलं, "कुणाला काही शंका?"

नव्या मुलांत जाऊन बसलेल्या भोपळ्यानं हात वर केला. "बाई, मला या परीक्षेत अठ्ठ्याण्णव गुण मिळवायचेत. किती बरोबर लिहू आणि किती चुकवू?"

"चांगला प्रश्न आहे. सर, फळ्यावर दाखवा बघू."

सरांनी खडू घेतला. चोवीस बरोबर, शहाण्णव. पुसलं. पंचवीस बरोबर, शंभर. पुसलं. सरांच्या कपाळावर घाम आला. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

तेवढ्यात टिपरी आली. दोन बोटांत दोरी धरून तिनं तो निथळता गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला. पहिली रांग नाक धरून उठली.

बाईंनी लाखेवरून अंगठा फिरवला. "ही मोहोर माझी. परीक्षेच्या दिवशी मीच लावली होती. सर, गठ्ठा न उघडताच तपासलात?"

"एकशेवीस पेपर होते, बाई. आणि मी रोज बघतोच की मुलांना. कोण किती पाण्यात आहे ते मला अंदाजानं कळतं."

"अंदाजानं," बाई म्हणाल्या. चहात माशी निघाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "या मुलांची वर्षभराची मेहनत बादलीखाली, आणि तुमचा अंदाज भिंतीवर. आधी ते बेसिन घासा. मग तुमचं काय करायचं ते बघते."

एकेक ओला कागद बाईंनी भोपळ्याकडून दोरीवर वाळत घालून घेतला आणि स्वतः तपासला. दोन दिवस लागले. ताईचे तेवीस बरोबर, दोन चूक. नव्वद. यादीत चौथी.

"शाब्बास रे पोरांनो," बाई म्हणाल्या. "अख्ख्या क्लासला जे दिसलं नाही ते तुम्ही पाहिलंत." त्यांनी भोपळ्याची पाठ थोपटली आणि लगेच हात पुसला. सगळे कागद वाळत घालायला तोच होता ना!

ताईनं आपली उत्तरपत्रिका मागून घरी आणली आणि अभ्यासाच्या टेबलासमोर टाचणीनं लावली. कोपऱ्यावर चोथ्याचा डाग, मध्ये बुरशीचा ठिपका.

"अगं, किती घाण वास येतोय!" आई म्हणाली. "टाक बघू ते."

"राहू दे," ताई म्हणाली आणि दाराशी पडलेली पाचही पुस्तकं उचलून टेबलावर ठेवली. "परीक्षेपर्यंत येऊ दे वास. डुलकी लागायची नाही."