अग्रक्रम एक हजार एक

दोन हजार सहा साली ललित लासलगावच्या वाचनालयात पहिल्यांदा गेला, तो बदली म्हणून. संगणक दुरुस्तीच्या कंपनीतल्या छत्तीस वर्षांच्या मल्हारीला गोवर निघाला होता.

"तुमचा संगणक बिघडलाय?"

"बिघडत नाही... मागे जातो," ग्रंथपाल चैताली म्हणाली. "नवं सॉफ्टवेअर घातलं, की बुधवारी आपोआप जुनं."

खिडकीतून कांद्याचा वास येत होता. तिच्या बोटांना शिक्क्याची जांभळी शाई लागलेली.

दहा मिनिटांत कारण सापडलं. एका फाइलीत कुणीतरी जुन्या सीडीला अग्रक्रम देऊन ठेवला होता — एक हजार एक. आकडा हजारावर गेला, की बुधवारच्या अपडेटमध्ये संगणकातली लिनक्स प्रणाली नवं काढून मुकाट्याने जुनं बसवतं. ओळ खोडायला दोन सेकंद.

पण नाशकात, द्वारका चौकाजवळच्या खोलीत, ललित एकटा राहायचा. त्याच्याशी आठवडाभर दोघंच बोलायचे. मेसच्या सुमनबाई — "पोळी?" आणि बसचा कंडक्टर — "पुढे सरका." रविवारी तर नुसता आवाज यावा म्हणून तो संगणक बंद करून पुन्हा चालू करायचा.

त्याने नवं सॉफ्टवेअर घातलं. ओळ तशीच ठेवली.

"अवघड केस आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "गुरुवारी येतो."

असे अकरा गुरुवार झाले. बाराव्याला चैतालीने चहा पुढे सरकवला, पण वर पाहिलं नाही.

"कमिटी म्हणते, आज शेवटचं. दुरुस्त झालं तर तुमचं काम संपलं. नाही झालं तर संगणकच बंद."

म्हणजे दोन्हीकडून ललितच बाद. त्याने फाइल उघडली...

ओळ नव्हतीच. सॉफ्टवेअर मात्र जुनंच!

टेबलावर वाचनालयातलं लिनक्सचं एकुलतं पुस्तक होतं. आत आठ शिक्के. आठही वेळा नाव चैतालीचं.

"ओळ तुम्ही खोडलीत?"

"सहा आठवडे झाले. तुम्हाला सापडू नये म्हणून."

"मग जुनं कोण घालतं?"

"मीच. हाताने, एकेक. सव्वा तास लागतो." तिने पुस्तक मिटलं. "तुम्हाला कधी कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"अहो, मग माझे बुधवार फुकट घालवलेत की!"

तो हसला, तीही. नवं सॉफ्टवेअर बसलं, आणि या वेळी ते बसूनच राहणार होतं.

"सभासद व्हायला... काय लागतं?"

"लासलगावचा पत्ता."

"तो नाही माझ्याकडे."

"माझा लिहा."

ललितने लिहिला. त्याखाली रकाना होता — पत्ताधारकाशी नातं. पेन थांबलं.

"तो रिकामा ठेवा," चैताली म्हणाली. "कमिटीला सांगते, काम चालू आहे."