तीन बोटं

हे मी रचलेलं नाही. माझ्या नवऱ्याची, अमरची, हॉस्पिटलची फाइल कपाटात आहे. तिच्यातल्या तारखा कुणीही तपासून पाहाव्यात.

मे २०२३. चिमूरजवळचं आमचं गाव. भर दुपार.

अमर तळ्यावरून मासोळी घेऊन आला होता. डाव्या कानात ठणका, म्हणून चिडलेला. गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होताच.

"थुका ना जी तो आधी!"

"अक्कलदाढ हाये व. तिथीच खर्रा दाबला का ठणका कमी होते. तू बीएस्सी झाली, डॉक्टर नाई झाली."

तेवढ्यात ओसरीतून आवाज आला...

खर्र... खर्र... खर्र...

प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटल्याचा.

मी धावत गेले.

ओसरीत घोटणारं कुणीच नव्हतं. फक्त आमची पाच वर्षांची आचल, भिंतीकडे तोंड करून बसलेली.

ती उठली. सरळ अमरपुढे गेली.

"बाबा, आ कर ना."

तिनं तीन बोटं एकावर एक धरून त्याच्या दातांमध्ये घातली. इवलीशी बोटं...

दोनच गेली.

"घ्या! आता मायलेकी दोघीबी डॉक्टरीण," अमर हसला.

"आजोबा असंच करून दाखवतात," आचल म्हणाली. "त्यायले बोलता नाई येत."

अमरचं हसू तिथेच विरलं.

माझे सासरे दसरू याच ओसरीत खर्रा घोटायचे. जबड्याच्या कॅन्सरनं गेले, आचलच्या जन्माआधी. शेवटी त्यांचं तोंड उघडतच नव्हतं. पेजसुद्धा नळीनं. हे आम्ही तिला कधीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी चंद्रपूर गाठलं. "निरोगी तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात," म्हणत डॉक्टरांनी छोटा आरसा घालून पाहिलं. शेवटच्या दाढेच्या मागे, अगदी कोपऱ्यात, चट्टा होता. त्याचा तुकडा तपासायला गेला.

कॅन्सर.

नागपुरात ऑपरेशन झालं. जबड्याच्या हाडाची कड काढली. मग सहा आठवडे रेडिएशन.

"इतक्या मागचं लवकर कळत नाही," डॉक्टर म्हणाले होते. "आधी कोणाच्या लक्षात आलं?"

मी आचलचा हात घट्ट धरला.

आज अमर बरा आहे. मऊ भात खातो. घरात खर्रा येत नाही.

आणि गेल्या मंगळवारी, दुपारी, ओसरीतून...

खर्र... खर्र...

आचल माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"आई, आ कर."

एक.

दोन...

ती थांबली. माझ्या खांद्यामागे पाहत तिनं विचारलं, "आजोबा, तिसरं काऊन नाई जाऊन राह्यलं?"

मी मागे वळून पाहिलं नाही.

मी खर्रा खात नाही. पण कॉलेजच्या होस्टेलपासून रोज सकाळी दातांना नस, म्हणजे तंबाखूची तपकीर, घासते. हे अमरलाही माहीत नाही.

दोन आठवड्यांपासून कान दुखतोय.

अक्कलदाढच असेल...